दोनशे अठ्ठ्याऐंशी लढतींकडे पाहताना

(हा लेख नोव्हेंबर २०२४ मध्ये, मतदानाआधी लिहिलेला आहे.) महाराष्ट्र विधानसभेसाठी येत्या २० नोव्हेंबरला एकाच टप्प्यात मतदान होईल आणि २३ नोव्हेंबरला, म्हणजे विद्यमान विधानसभेची मुदत संपण्याच्या तीनच दिवस आधी, मतमोजणी होईल. ४ नोव्हेंबर २०२४ रोजी दुपारी तीन वाजता अर्ज मागे घेण्याची मुदत संपली आणि त्या क्षणापासून वृत्तवाहिन्यांवर एकच गणित मांडले जाऊ लागले: १४५चा आकडा कोण गाठणार? हा प्रश्न गैर नाही. सरकार शेवटी त्याच आकड्यावर बनते. मात्र राज्यभरातील मतांची टक्केवारी घ्यायची, तिला एका सूत्रात घालायचे आणि पलीकडून जागा बाहेर काढायच्या, ही जी पद्धत रूढ झाली आहे तिच्यावरचा माझा विश्वास गेल्या काही वर्षांत उत्तरोत्तर कमी होत गेला आहे. विधानसभेला राज्य म्हणून कोणी मत देत नाही. मत दिले जाते सांगोल्यात, चांदिवलीत, शहाद्यात किंवा माजलगावात, आणि तिथे यंत्रावर कोणाकोणाची नावे आहेत, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

ताजे उदाहरण हरियाणाचे आहे. ८ ऑक्टोबरला तिथला निकाल लागला, तेव्हा भाजप आणि काँग्रेस यांच्या मतांतील अंतर एका टक्क्याहूनही कमी होते. जागा मात्र ९० पैकी भाजपला ४८ आणि काँग्रेसला ३७ मिळाल्या. मतदानोत्तर चाचण्यांनी बहुतांशी याच्या उलट सांगितले होते. आपल्याकडे जूनमध्ये लोकसभेच्या निकालात हेच दुसऱ्या बाजूने घडले. महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एका टक्क्याचाही फरक नसताना आघाडीचे ३० आणि महायुतीचे १७ खासदार निवडून आले. मुंबई उत्तर पश्चिममध्ये तर अवघ्या ४८ मतांनी खासदार ठरला. एवढ्या काठावरच्या परिस्थितीत राज्यव्यापी टक्केवारीवरून जागा सांगणारा माणूस धाडसी म्हणायचा की निष्काळजी, हे ज्याने त्याने ठरवावे.

लोकसभेचे विधानसभानिहाय मताधिक्य घेऊन भाकीत करण्याची दुसरी एक पद्धत आहे. ४८ लोकसभा मतदारसंघांत प्रत्येकी सहा याप्रमाणे २८८ विधानसभा मतदारसंघ बसत असल्यामुळे हे काम सोपे वाटते आणि मतदान केंद्रनिहाय मतांचे तक्ते, म्हणजे नमुना २०, आता सहज मिळतात. मी स्वतः हे तक्ते आवडीने वाचतो. पण २०१९ मध्ये लोकसभेला ४१ खासदार निवडून आणणाऱ्या भाजप-शिवसेना युतीला पाच महिन्यांनी विधानसभेत १६१ जागांवर थांबावे लागले होते, हे विसरून चालणार नाही. बारामती विधानसभा मतदारसंघात २०१९ साली अजित पवार १ लाख ६५ हजारांहून अधिक मताधिक्याने विजयी झाले होते. यंदा लोकसभेला त्याच मतदारसंघात सुप्रिया सुळे यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी मिळाली. आणि आता तिथे अजित पवार आणि शरद पवार यांच्या पक्षाकडून उभे असलेले त्यांचे पुतणे युगेंद्र पवार समोरासमोर आहेत. यातला कोणता आकडा पुढचे सांगणारा आहे, हे छातीठोकपणे सांगणाऱ्याला माझा दुरूनच नमस्कार. मतदार लोकसभेला एका कारणासाठी आणि विधानसभेला दुसऱ्याच कारणासाठी मत देऊ शकतो, आणि बारामतीत तर तसे करायला त्याच्याकडे पुरेशी कारणे आहेत.

म्हणून मी गेले काही दिवस उलटे काम करतो आहे. आधी एकेक मतदारसंघ घ्यायचा आणि मागच्या वेळी किती मतांचा फरक होता, तो कोणामुळे पडला आणि त्या माणसांपैकी आज कोण कुठे उभा आहे, एवढेच पाहायचे. २०१९ च्या सर्वांत चुरशीच्या लढती या दृष्टीने फार बोलक्या आहेत. चांदिवलीत शिवसेनेचे दिलीप लांडे यांनी काँग्रेसचे नसीम खान यांचा ४०९ मतांनी पराभव केला होता आणि तिथे वंचित बहुजन आघाडी व मनसे यांच्या उमेदवारांना त्या फरकाच्या कितीतरी पट मते पडली होती. यंदा लांडे शिंदे यांच्या शिवसेनेकडून उभे आहेत आणि समोर पुन्हा नसीम खान आहेत. दौंडमध्ये भाजपचे राहुल कुल यांनी राष्ट्रवादीचे रमेश थोरात यांच्यावर ७४६ मतांनी मात केली होती. यंदाही तेच दोघे आहेत, फक्त थोरात शरद पवार यांच्या पक्षाकडून लढत आहेत. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव या अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघाची गोष्ट तर कोणी रचली असती तर अतिशयोक्त वाटली असती. राष्ट्रवादीचे मनोहर चंद्रिकापुरे यांनी २०१९ मध्ये भाजपचे माजी मंत्री राजकुमार बडोले यांचा ७१८ मतांनी पराभव केला. या ऑक्टोबरमध्ये बडोले अजित पवार यांच्या राष्ट्रवादीत गेले आणि ज्या घड्याळाने त्यांना हरवले तेच घड्याळ घेऊन आता ते मते मागत आहेत.

या सगळ्यांत मला सर्वाधिक कुतूहल सांगोल्याचे आहे. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख या एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आले. ते २०१९ मध्ये उभे राहिले नाहीत आणि त्यांचे नातू अनिकेत देशमुख यांचा शिवसेनेच्या शहाजीबापू पाटील यांनी ७६८ मतांनी पराभव केला. पुढे शिवसेना फुटली, तेव्हा शहाजीबापू शिंदे यांच्याबरोबर गेले. सरळ हिशेब पाहिला, तर आघाडीला इथे एकच काम होते: ७६८ मतांनी हुकलेल्या शेकापच्या मागे उभे राहायचे. प्रत्यक्षात ठाकरे यांच्या शिवसेनेने दीपक साळुंखे यांना उमेदवारी दिली, शेकापने बाबासाहेब देशमुख यांना उतरवले आणि लढत तिरंगी झाली. आता साळुंखे कोणाची मते खाणार, हा प्रश्न सांगोल्यात विचारला जात असणार आणि त्याचे उत्तर मुंबईत बसून काढलेल्या कोणत्याही टक्केवारीत सापडणार नाही. शिवसेनेचा परंपरागत मतदार दोन शिवसेनांमध्ये विभागला गेला तर शेकापला फायदा होईल. शहाजीबापूंवर नाराज असलेला मतदार शेकाप आणि मशाल, म्हणजे ठाकरे यांची शिवसेना, यांच्यात विभागला गेला तर फायदा शहाजीबापूंचा होईल. दोन्ही शक्यता सारख्याच पटण्याजोग्या आहेत. एखाद्या मतदारसंघाचा अंदाज बांधता येत नाही हे मान्य करायलाही तिथली माहिती असावी लागते, हा याचा एक गमतीदार भाग आहे.

या निवडणुकीचे वेगळेपण पक्षांच्या संख्येत आहे. दोन आघाड्या आणि प्रत्येकीत तीन मोठे पक्ष, त्यांतील चार पक्ष दोन पक्षांच्या फुटीतून जन्मलेले. त्यामुळे सुमारे पन्नास मतदारसंघांत धनुष्यबाण विरुद्ध मशाल, म्हणजे दोन शिवसेना, आणि पस्तीस ते चाळीस मतदारसंघांत घड्याळ विरुद्ध तुतारी, म्हणजे दोन राष्ट्रवादी, अशी लढत आहे. जुने चिन्ह एकाकडे आणि जुने कार्यकर्ते दोन्हीकडे, अशा या लढती आहेत. मागच्या निवडणुकीतले आकडे इथे सरळ तुलनेला घेताच येत नाहीत, कारण २०१९ मध्ये शिवसेनेला पडलेले मत आज नेमके कोणाचे, हे त्या मतदारालाही २० तारखेलाच ठरवावे लागणार आहे.

जागा सहा पक्षांत वाटून देताना जे नाराज झाले, त्यांची बंडखोरी हा यंदाचा मोठा अध्याय आहे. बंडोबांना थंडोबा करण्याचा खेळ ४ नोव्हेंबरच्या दुपारपर्यंत चालला. बोरिवलीत भाजपचे माजी खासदार गोपाळ शेट्टी यांनी अर्ज भरला होता, तो त्यांनी शेवटच्या दिवशी मागे घेतला. सगळीकडे असे झाले नाही. कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसने आधी राजेश लाटकर यांना उमेदवारी दिली, मग ती काढून मधुरिमाराजे छत्रपती यांना दिली, लाटकर अपक्ष म्हणून कायम राहिले आणि मुदत संपायला काही मिनिटे असताना मधुरिमाराजेंनीच अर्ज मागे घेतला. विद्यमान आमदार जयश्री जाधव त्याआधीच शिंदे यांच्या शिवसेनेत गेल्या होत्या. परिणाम असा की काँग्रेसने मागच्या वेळी जिंकलेल्या मतदारसंघात यंदा मतदानयंत्रावर हाताचे चिन्हच नाही आणि पक्षाने ज्याची उमेदवारी काढून घेतली होती त्याच अपक्षाला आता पाठिंबा दिला आहे. पक्षसंघटना किती भक्कम आहे याची परीक्षा अशा वेळी होते: चिन्ह नसताना तो पाठिंबा शेवटच्या बूथपर्यंत पोहोचतो का?

‘मैत्रीपूर्ण लढत’ या प्रकाराविषयी मात्र मला स्पष्टच लिहावेसे वाटते. आघाडीतले दोन पक्ष एकाच जागेवर उमेदवार देतात, प्रचारात एकमेकांवर तुटून पडतात आणि वर त्याला मैत्री म्हणतात. मतदारांना इतके भोळे समजू नये. मानखुर्द शिवाजीनगरमध्ये अजित पवार यांच्या राष्ट्रवादीने नवाब मलिक यांना अधिकृत उमेदवारी दिली आहे आणि महायुतीतल्याच शिंदे यांच्या शिवसेनेनेही उमेदवार दिला आहे; भाजपने मलिक यांचा प्रचार करणार नाही असे आधीच जाहीर करून टाकले आहे. समाजवादी पक्षाचे अबू आझमी तिथले विद्यमान आमदार आहेत. अशा ठिकाणी युतीचा मतदार नेमके कोणाला मत देणार? आघाडीचा धडा सांगलीच्या लोकसभा निवडणुकीत आहे. तिथे आघाडीचा अधिकृत उमेदवार ठाकरे यांच्या शिवसेनेचा होता आणि काँग्रेसचे विशाल पाटील बंडखोरी करून अपक्ष उभे होते. मतदारांनी पाटील यांना सुमारे एक लाखाच्या मताधिक्याने निवडून दिले आणि अधिकृत उमेदवाराची अनामत जप्त झाली. जागावाटपाच्या बैठकीत कोणाचा हट्ट चालला, याच्याशी मतदारांना काहीही देणे-घेणे नव्हते.

अपक्षांचे वजन महाराष्ट्राला नवे नाही. १९९५ मध्ये तब्बल ४५ अपक्ष निवडून आले होते आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या पाठिंब्यावर युतीचे पहिले सरकार उभे राहिले होते. यंदा चार हजारांहून अधिक उमेदवार रिंगणात आहेत, त्यांतील निम्मे अपक्ष आहेत. २०१९ मध्ये एकूण ३,२३९ उमेदवार होते. हा वाढलेला आकडा सर्वत्र सारखा पसरलेला नाही. नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्यात केवळ तीन उमेदवार आहेत, तर बीड जिल्ह्यातील माजलगावात चौतीस. एका मतदानयंत्रावर ‘नोटा’ धरून सोळाच नावे बसतात, त्यामुळे माजलगावात प्रत्येक केंद्रावर तीन यंत्रे शेजारीशेजारी लावावी लागतील आणि मतदाराला आपला उमेदवार कोणत्या यंत्रावर आहे हे आधी शोधावे लागेल. वयस्कर मतदारांसाठी ही किरकोळ बाब नाही आणि गावागावांत नमुना मतपत्रिका घेऊन फिरणारे कार्यकर्ते निष्कारण फिरत नाहीत.

चिन्हांच्या गोंधळाचा अनुभवही ताजा आहे. लोकसभेला शरद पवार यांच्या पक्षाचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस होते आणि अपक्षांसाठी उपलब्ध असलेल्या चिन्हांत पिपाणीही होती. साताऱ्यात तुतारीच्या उमेदवाराविरुद्ध उदयनराजे भोसले सुमारे ३३ हजार मतांनी जिंकले आणि पिपाणी घेतलेल्या एका अपक्षाला ३७ हजार मते पडली. ती सगळीच मते चुकून पडली असे मी म्हणणार नाही, कारण ते सिद्ध करता येत नाही. दिंडोरीत मात्र तुतारीच्या विजयी उमेदवाराशी आडनाव जुळणाऱ्या पिपाणीवाल्या उमेदवाराने एक लाखाहून अधिक मते घेतली, हे पाहिल्यावर योगायोगावर विश्वास ठेवणे कठीण जाते. पिपाणी यंदाही चिन्हांच्या यादीत कायम आहे. चुरशीच्या मतदारसंघाची उमेदवार यादी हाती आली, की मी सर्वांत आधी सारख्या नावांचे उमेदवार शोधतो.

मतदारसंघाच्या सीमांकडे तर कोणीच बघत नाही. आजचे मतदारसंघ २००१ च्या जनगणनेवर आधारलेले असून २००९ पासून लागू आहेत, आणि २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत ते बदलणार नाहीत. या काळात शहरांच्या कडेला अवाढव्य वस्ती वाढली. राज्यातील सुमारे ९ कोटी ७० लाख मतदारांची सरासरी काढली तर एका आमदारामागे ३ लाख ३७ हजारांच्या आसपास मतदार येतात. चिंचवड आणि पनवेलमध्ये मात्र सहा लाखांहून अधिक मतदार आहेत. म्हणजे तिथल्या एका मताचे वजन सरासरीच्या जवळपास निम्मे झाले आहे. याबद्दल कोणताही पक्ष जाहीरनाम्यात एक ओळ लिहीत नाही.

ग्रामीण भागात सीमांचा परिणाम वेगळ्या रीतीने दिसतो. जोडनावाचे मतदारसंघ पाहा: कर्जत जामखेड, शेवगाव पाथर्डी, पलूस कडेगाव, तासगाव कवठेमहांकाळ. प्रत्येकात दोन तालुके आहेत आणि ‘आपल्या तालुक्याचा माणूस’ ही भावना अनेकदा पक्षाहून बलवत्तर ठरते. कर्जत जामखेडमध्ये रोहित पवार यांच्यासमोर पुन्हा राम शिंदे आहेत आणि ‘स्थानिक भूमिपुत्र’ हा शब्द त्या लढतीत २०१९ पासून गाजतो आहे. तासगाव कवठेमहांकाळमध्ये आर. आर. पाटील यांचे चिरंजीव रोहित आणि माजी खासदार संजयकाका पाटील ही लढत पक्षांच्या नावाने लिहिता येईल, पण ती समजून घ्यायची असेल तर दोन तालुक्यांतले गट आणि साखर कारखान्याच्या राजकारणात कोण कोणाच्या बाजूला होते, हे ठाऊक असायला हवे. अशा मतदारसंघात पक्षाची लाट सगळीकडे सारखी पोहोचत नाही. ती प्रत्येक गावात तिथल्या गटाच्या तोंडून पोहोचते.

राज्यव्यापी मुद्दे नाहीत असे मुळीच नाही. लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये प्रत्यक्ष खात्यांत पडले आहेत. महायुतीने ते २,१०० करण्याचे आणि आघाडीने ३,००० देण्याचे आश्वासन दिले आहे. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून कमी दर मिळतो आहे आणि मराठवाडा-विदर्भातल्या १०८ जागांवर हा विषय निघाल्याशिवाय राहणार नाही. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांनी उमेदवार न देण्याचा निर्णय अगदी ४ नोव्हेंबरला जाहीर केला, त्यामुळे मराठवाड्यातील कित्येक लढतींचे चित्र एका सकाळीत बदलले. तरी हे सारे मुद्दे शेवटी स्थानिक उमेदवाराच्या चाळणीतून जातात. ज्या घरात योजनेचे पैसे आले आणि सोयाबीनचे गेले, ते घर कुणीकडे झुकेल, हे चाचणी करणाऱ्यांच्या प्रश्नावलीत नीट बसत नाही.

मतदार काही वेळा पक्षांच्या सोयीच्या तडजोडीवर थेट उत्तरही देतात. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये धीरज देशमुख यांच्या खालोखाल सर्वाधिक, म्हणजे २७,५०० मते ‘नोटा’ला पडली होती. पलूस कडेगावमध्येही दुसऱ्या क्रमांकावर ‘नोटा’च होता. प्रबळ उमेदवार समोर न देता मतदारसंघ सोडून दिला, तर लोकांना ते कळते आणि ते त्याची नोंदही करतात. याउलट कुलाब्यात मतदान चाळीस टक्क्यांच्या आसपास राहिले होते, तर करवीरमध्ये ते ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेले होते. दोन्ही ठिकाणचा आमदार विधानसभेत एकच मत देतो.

२३ तारखेला सकाळी आठला आधी टपाली मते मोजायला घेतली जातील आणि अर्ध्या तासाने यंत्रे उघडायला सुरुवात होईल. साधारणपणे एका फेरीत चौदा टेबलांवर चौदा केंद्रांची मोजणी होते आणि केंद्रे अनुक्रमाने घेतली जात असल्यामुळे पहिल्या फेऱ्यांची आघाडी ही बहुधा मतदारसंघाच्या एका टोकाची आघाडी असते. कर्जत जामखेडमध्ये सुरुवातीला कर्जतची केंद्रे निघाली की जामखेडची, हे ठाऊक नसताना ‘अमुक पिछाडीवर’ अशी पट्टी पाहून अस्वस्थ होण्यात अर्थ नाही. माजलगावच्या निकालाला बहुधा उशीर होईल, कारण तिथे चौतीस उमेदवारांची मते प्रत्येक टेबलावर लिहून घ्यावी लागणार आहेत. सगळ्या फेऱ्या संपल्यावर प्रत्येक मतदारसंघातील चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट पावत्यांची पडताळणी होईल. सांगोला, दौंड, चांदिवली आणि अर्जुनी मोरगाव या चार नावांपुढे मी तोपर्यंत काहीही लिहिणार नाही.